सर्पगंधा आणि म्हातारपणचा रक्तदाब

कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसले की पहिले स्टेशन पळसदरी. इथे खोपोलीचा फाटा वेगळा होतो आणि पुण्याकडचे रूळ घाट चढायला लागतात. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेला तलाव, स्वामी समर्थांचा मठ आणि पावसाळ्यातले धबधबे यांच्यामुळे मुंबईकरांना हे गाव ठाऊक असते. पण सकाळी कर्जतकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत फलाटावर जी मंडळी उभी असतात त्यांत म्हातारीकोतारी माणसेही बरीच असतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत दवाखान्याचे कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे. कुठे निघालात म्हणून विचारले तर अनेकांचे उत्तर एकच असते : "बीपीची गोळी संपली."

हे उत्तर आज इतके साधे वाटते, की त्यामागे काही इतिहास असेल हे मनातही येत नाही. १९४५ साली जगातल्या बहुतेक डॉक्टरांच्या हाती अशी गोळी नव्हती. आणि असती, तरी ती सत्तरीच्या माणसाला द्यावी असे त्यांतल्या थोड्यांनाच वाटले असते. हे चित्र ज्या पहिल्या औषधांनी बदलले त्यांतले एक औषध आपल्याच देशातल्या एका झुडपाच्या मुळात होते. कोकणातल्या आणि घाटपायथ्याच्या दमट, सावलीच्या जंगलांतही ते झुडूप वाढते. आणि त्याचे गुण जगापुढे नीट मांडणारे डॉक्टर पळसदरीहून लोकलने दोन-अडीच तासांवर, मुंबईत परळला काम करत होते.

आधी दाबाविषयी थोडे. रक्ताला दाब असतो हे प्रत्यक्ष मोजून दाखवले ते स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने. त्याने घोडीच्या रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीत, नळी बसवली आणि ती उभी धरली. रक्त नळीत आठ फुटांहून वर चढले. हा प्रयोग त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. माणसावर असे करणे शक्य नव्हते. इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायची रबरी पिशवी आणि पाऱ्याची नळी वापरली, आणि रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये पिशवीखालच्या रोहिणीतला आवाज नळीने ऐकून वरचा आणि खालचा असे दोन आकडे वेगळे काढले. वरचा आकडा हृदय आकुंचन पावते तेव्हाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा सुमारे १ मीटर ६३ सेंटिमीटर उंच स्तंभ (पारा पाण्याच्या १३.६ पट जड, हा गुणाकार विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा). म्हणजे हृदय दर ठोक्याला साधारण माणसाच्या उंचीइतके पाणी चढेल एवढा जोर लावते.

हा जोर म्हातारपणी का वाढतो? याचे उत्तर शोधायला पळसदरीहून गाडीने पुढे खोपोलीला जावे. तिथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ सालापासून आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली पोलादी नळांतून येते आणि चाके फिरवते. अशा नळाची झडप एकदम बंद केली तर वाहत्या पाण्याचा धक्का नळाच्या भिंतींना हातोड्यासारखा बसतो, कारण पोलाद फुगत नाही. म्हणून जलविद्युत केंद्रांत झडपा सावकाश फिरवतात आणि धक्का जिरवण्यासाठी खास व्यवस्था ठेवतात. आपल्या शरीरात हे धक्का जिरवण्याचे काम महारोहिणी करते. तरुणपणी ती रबरासारखी असते. हृदयाने रक्त फेकले की ती फुगते, काही रक्त स्वतःत साठवते आणि हृदय सैल पडले की तेच रक्त पुढे ढकलते. वय वाढते तशी तिच्या भिंतीतली लवचीक तंतूंची जाळी झिजते, ताठर तंतू वाढतात, चुना साचतो. मग ठोक्याचा धक्का जिरत नाही आणि वरचा आकडा चढतो. साठवलेले रक्त मागून ढकलले जात नाही, म्हणून खालचा आकडा उलट उतरतो. सत्तरीनंतर १७०/७७ असे विचित्र वाटणारे आकडे दिसतात ते यामुळे.

हा ताठरपणा लक्षात ठेवावा. पुढे तो आणखी एका कामासाठी लागणार आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या डॉक्टरांनी या आकड्यांचा अर्थ वेगळा लावला. वाहिन्या कडक आणि अरुंद झाल्या आहेत, तेव्हा मेंदूपर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत रक्त पोचवायला शरीर आपणहून दाब वाढवते, असे ते मानत. वयात शंभर मिळवले की वरचा आकडा योग्य, असा हिशेब पुष्कळ ठिकाणी शिकवला जाई. या समजुतीला शब्दानेही हात दिला. कारण सापडत नाही अशा उच्च रक्तदाबाला जर्मन डॉक्टर फ्रँक यांनी १९११ मध्ये जे विशेषण लावले त्याचा आशय 'स्वयंभू' असा होता. इंग्रजीत आल्यावर त्याच 'एसेन्शियल' शब्दाचा 'आवश्यक' असाही अर्थ निघू लागला. आवश्यक असलेली गोष्ट कमी कोण करणार? परिभाषा निष्काळजीपणे उचलली की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

या समजुतीचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या अध्यक्षांचे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासणी केली तेव्हा दाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेले होते. विश्रांती, मीठ कमी, हृदयासाठी डिजिटॅलिस, झोपेसाठी फेनोबार्बिटल. देण्यासारखे एवढेच होते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले तेव्हा वरचा आकडा तीनशेच्या वर होता. वय होते ६३. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाची ही स्थिती, तर इतरांची काय सांगावी!

त्याच वर्षांत हिंदुस्थानातल्या दवाखान्यांत मात्र एक औषध सर्रास दिले जात होते. सर्पगंधा हे गुडघाभर उंचीचे झुडूप. पांढरी-गुलाबी फुले, पिकल्यावर काळी पडणारी फळे, आणि वाकडेतिकडे मूळ. मराठीत त्याला हरकी किंवा अडकई असेही म्हणतात. सर्पदंश, ताप, निद्रानाश, वेड यांवर या मुळाचा वापर जुना आहे. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला राउवोल्फिया हे नाव दिले ते ऑग्सबर्गच्या लिओनहार्ड राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या डॉक्टराच्या स्मरणार्थ.

१९३१ हे या मुळाच्या दृष्टीने मोठे वर्ष. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर मुळाचे चूर्ण उपयोगी पडते असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळातून काही अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले. नंतर कलकत्त्यालाच रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ मध्ये हिमालया ड्रग कंपनीने 'सर्पिना' नावाची गोळी बाजारात आणली. थोडक्यात, औषध होते, ते वापरणारे डॉक्टर होते, पण हे सारे देशातल्या नियतकालिकांत छापले जात होते आणि पाश्चात्त्य डॉक्टर ती फारशी वाचत नसत.

रुस्तम जाल वकील यांचे महत्त्व इथे आहे. त्यांचा जन्म मुंबईचा, १९११ चा. उच्च वैद्यकीय शिक्षण लंडनला घेऊन ते परत आले आणि के.ई.एम. रुग्णालयात मानद डॉक्टर म्हणून काम करू लागले. (वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना वकील आणि गोलवाला यांचे रोगनिदानावरचे पाठ्यपुस्तक आठवेल, ते हेच वकील.) सर्पगंधा त्यांनी शोधली नाही, तिचा रक्तदाबावरचा गुणही त्यांनी पहिल्यांदा पाहिला नाही. त्यांनी केले ते असे. अनेक वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी पन्नास रुग्ण निवडले, औषध सुरू करण्यापूर्वी त्यांचा दाब पुनःपुन्हा मोजून पायाभूत आकडा ठरवला, मग चार आठवडे गोळ्या देऊन परत मोजमाप केले आणि गोळ्या थांबवल्यावरही मोजत राहिले. सुमारे ८५ टक्के रुग्णांत वरचा आकडा आणि ८१ टक्क्यांत खालचा आकडा उतरला. औषध बंद केल्यावर परिणाम लगेच गेला नाही, काही आठवडे रेंगाळला. हा निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष मुळाकडे गेले.

आजच्या कसोटीला हा प्रयोग पुरा उतरत नाही. तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा दुसरा गट त्यात नव्हता, आणि रुग्णालयात येऊन दोन-चारदा मोजले की धास्ती कमी होऊन दाब थोडा आपोआपही उतरतो. वकिलांना याची जाण होती; म्हणूनच त्यांनी सुरुवातीचे मोजमाप पुनःपुन्हा केले. आमच्या मते मुळाला आंतरराष्ट्रीय मान मिळवून दिला तो या शिस्तीने. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण.

दरम्यान स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळातला मुख्य परिणाम करणारा पदार्थ शुद्ध रूपात काढला. तोच रेझर्पिन. वर्ष-दीड वर्षात त्याची गोळी बाजारात आली. १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी तो प्रयोगशाळेत साध्या द्रव्यांपासून बनवून दाखवला, आणि सेंद्रिय संश्लेषणातल्या त्यांच्या अशा कामगिरीला पुढे १९६५ चे नोबेल मिळाले. मूळ आपले, रसायन त्यांचे आणि नफाही बहुतांशी त्यांचाच, याची खंत तेव्हाही व्यक्त झाली होती. सिबाने १९६३ मध्ये गोरेगावला मोठे संशोधन केंद्र उघडले, हा त्या कथेचा पुढचा भाग. तो इथे सोडून देऊ.

रेझर्पिन काम कसे करते? वाहिन्या आवळा असा निरोप देणाऱ्या चेतातंतूंच्या टोकाशी नॉरॲड्रिनलीन हे रसायन बारीक पिशव्यांत साठवलेले असते. रेझर्पिन या पिशव्यांत माल भरणेच बंद करते. गोदाम हळूहळू रिकामे होते, निरोप क्षीण होतो, वाहिन्या सैलावतात. नव्या पिशव्या तयार व्हायला दिवस-आठवडे लागतात, म्हणून औषध थांबवले तरी परिणाम टिकतो. वकिलांच्या रुग्णांत दिसलेल्या रेंगाळण्याचा उलगडा असा झाला. पण मेंदूतही अशीच गोदामे आहेत, आणि तीही रिकामी होतात. आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेझर्पिन दिलेले निश्चल ससे एल-डोपा टोचून पुन्हा हालते केले आणि त्यातून कंपवाताच्या उपचाराचा मार्ग निघाला, तो याच गुणामुळे. याच गुणामुळे काही रुग्ण उदास झाले. नाक चोंदणे, नाडी मंदावणे, सुस्ती हेही होतेच.

इथे मात्रेचा प्रश्न येतो. १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम रेझर्पिन देत, मनोरुग्णांना तर कित्येक मिलिग्रॅम. उदासीची बहुतेक गाऱ्हाणी या काळातली. एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक प्रयोग आखला. त्यात लघवी वाढवणारे थायझाइड, हायड्रॅलझीन आणि रेझर्पिन अशी तीन औषधे एकत्र होती. रेझर्पिनची मात्रा रोज फक्त ०.२ मिलिग्रॅम. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. १९६७ मध्ये निकाल आला : खोट्या गोळ्या घेणाऱ्या ७० जणांपैकी २७ जणांवर गंभीर संकट ओढवले, औषध घेणाऱ्या ७३ पैकी दोघांवर. दाब उतरवल्याने माणूस वाचतो, हे तुलनेचा गट ठेवून इतक्या निःसंशयपणे प्रथमच दिसले. 'आवश्यक' दाबाची समजूत इथे मोडली, आणि ती मोडणाऱ्या तीन औषधांत एक सर्पगंधेचे होते.

मोडली, पण मध्यमवयीनांपुरती. या पुरुषांचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होते. म्हाताऱ्यांचा वरचा आकडा तेवढा चढलेला आणि खालचा ठीक, अशा स्थितीत काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रयोगांत वयस्कांना घेत नसत. त्यांना इतर आजार असतात, ते औषधे विसरतात, प्रयोग संपण्याआधी जातात. कारणे खरी होती, परिणाम मात्र उफराटा : ज्यांना औषध सर्वांत जास्त दिले जाणार त्यांच्याविषयीच माहिती सर्वांत कमी.

ही उणीव १९८० च्या दशकात युरोपातल्या एका प्रयोगाने थोडी आणि १९९१ मध्ये अमेरिकेतल्या शेप नावाच्या प्रयोगाने बरीच भरून काढली. शेपमध्ये साठीच्या पुढचे ४७३६ लोक होते, सरासरी वय ७२, सरासरी दाब १७०/७७. औषधाची सुरुवात क्लोरथॅलिडोनच्या अगदी लहान मात्रेने; पुरले नाही तर अटेनोलॉल; आणि ज्यांना अटेनोलॉल चालत नाही त्यांना रेझर्पिन, तेही रोज ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे चाळीस वर्षांत मात्रा दहा पटीने खाली आली होती. पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले.

शिक्षकांनी या ३६ टक्क्यांवर एक तास जरूर घ्यावा. पाच वर्षांत खोट्या गोळीच्या गटात शंभरातल्या ८.२ जणांना पक्षाघात झाला, औषधाच्या गटात ५.२ जणांना. म्हणजे शंभर म्हाताऱ्या माणसांनी पाच वर्षे रोज गोळी घेतली तेव्हा तिघांचा झटका टळला, पाचांना तो तरीही आला आणि उरलेल्या ९२ जणांना तो येणारच नव्हता. तिघे कोण, हे आधी सांगता येत नाही. तिघांचे हातपाय शाबूत राहणे ही लहान गोष्ट नाही. ज्याच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे त्याला विचारावे. पण उरलेल्यांना त्या गोळीने काही त्रास होत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारीही याच आकड्यांतून येते.

ऐंशीच्या पुढच्यांचे काय, याचे उत्तर यायला २००८ साल उजाडले. हायव्हेट या प्रयोगात ऐंशी किंवा त्याहून अधिक वयाचे ३८४५ लोक होते. औषध इंडापामाइड, गरज पडल्यास जोडीला पेरिंडोप्रिल, आणि ध्येय १५०/८० एवढेच माफक. मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, हृदय थकण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी. प्रयोग वेळेआधी थांबवून निकाल जाहीर केला गेला. मात्र प्रवेशाच्या अटी वाचाव्यात : स्मृतिभ्रंश झालेले आणि सतत शुश्रूषेची गरज असलेले वगळले होते, आणि प्रत्येकाचा दाब उभ्यानेही मोजून वरचा आकडा १४० च्या खाली असेल तर घेतले नव्हते. २०१५ च्या स्प्रिंट प्रयोगात वरचा आकडा १२० च्या खाली आणल्याचा फायदा पंचाहत्तरीच्या पुढच्यांतही दिसला. तिथेही उभ्याने ११० च्या खाली जाणाऱ्यांना आणि मधुमेह किंवा आधी पक्षाघात झालेल्यांना प्रवेश नव्हता. म्हणजे हे सारे निकाल स्वतःच्या पायांवर बऱ्यापैकी उभ्या असणाऱ्या म्हाताऱ्यांचे आहेत.

आणि उभे राहणे हीच मेख आहे. आपण उठून उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरते. मानेतल्या रोहिणीच्या भिंतीत ताण ओळखणारी चेताटोके असतात. ताण कमी झाल्याचे त्यांना क्षणात कळते आणि मेंदू वाहिन्या आवळून, ठोके वाढवून दाब सावरतो. आता तो ताठरपणा आठवावा. भिंत ताणलीच जात नसेल तर ताण कमी-जास्त झाल्याचे कळणार कसे? जी कडक रोहिणी बसल्या जागी वरचा आकडा चढवते, तीच उभे राहताना तो सावरू देत नाही. एकाच माणसात, एकाच कारणाने, बसून दाब जास्त आणि उठून कमी. म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब हा एक आकडा नाही हे या इतिहासातून शिकायला फार वेळ लागला. 'वाढायचाच' म्हणून सोडून देणारे आणि आकडा दिसला की गोळी वाढवणारे, दोघेही रुग्णाला खुर्चीत बसवूनच निर्णय घेत आले.

आमच्या माहितीतल्या, पळसदरीजवळच राहणाऱ्या सत्त्याहत्तर वर्षांच्या एका आजींचे उदाहरण सांगतो. त्यांना एका डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन दिले. काही महिन्यांनी पाय सुजले. हा त्या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे, पण सूज दाखवायला त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि तिथे लघवी वाढवणारी गोळी मिळाली. आता रात्री तीनदा उठावे लागू लागले. एका रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली, त्या पडल्या आणि मनगट मोडले. हाड बसवून घेताना सर्वांनी म्हातारपणाला बोल लावला. पुढे सुनेने घरातली सगळी पाकिटे एका ताटात घालून डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा दिसले, की वेगवेगळ्या नावांच्या दोन पाकिटांत ॲम्लोडिपिनच आहे. एका पाकिटात एकटे, दुसऱ्यात दुसऱ्या औषधाच्या जोडीने. बसून दाब १३८/७०, उभ्याने १०६/६२. एक पाकीट बंद झाले, सूज उतरली, मग लघवीची गोळीही बंद झाली. आजी आता काठी घेऊन तलावापर्यंत जाऊन येतात.

औषधाच्या त्रासाला नवा आजार समजून त्यावर आणखी औषध देणे हा प्रकार जगभर इतका आढळतो, की वैद्यकशास्त्रात त्याला 'औषधांची उतरंड' अशा अर्थाचे नाव आहे. उलट दिशेनेही प्रयोग झाले आहेत. इंग्लंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिमाइझ प्रयोगात, रक्तदाबाची दोन किंवा अधिक औषधे घेणाऱ्या, ऐंशीच्या पुढच्या ५६९ जणांपैकी निम्म्यांचे एक औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढून घेतले. बारा आठवड्यांनी वरचा आकडा १५० च्या खाली राहिलेल्यांचे प्रमाण या गटात ८६ टक्के आणि औषधे तशीच ठेवलेल्या गटात ८८ टक्के होते. बारा आठवडे हा काळ लहान आहे आणि पक्षाघाताविषयी त्यातून काही कळत नाही, तरी काढलेल्या गोळीचीही परीक्षा घेता येते हे त्यातून दिसले. हे डॉक्टरांचे काम आहे, घरच्यांचे नाही. काही गोळ्या एकाएकी सोडल्या तर दाब उसळी घेतो, आणि अटेनोलॉलसारखी गोळी अचानक थांबवल्याने हृदयाला धोका होतो.

घरच्यांना आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना करता येईल ते मोजमाप. दंडाला बांधायचे विजेरीचे यंत्र आता पुष्कळ घरांत असते. माणसाला पाच मिनिटे शांत बसू द्यावे किंवा आडवे होऊ द्यावे, मग मोजावे. नंतर उभे करून, जवळ कोणीतरी थांबून, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. हात हृदयाच्या पातळीला आधाराने धरावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद तारीख-वेळेसह डॉक्टरांना दाखवावी. चक्कर येत नसली तरीही, कारण अनेक म्हाताऱ्यांना चक्कर जाणवत नाही आणि थेट तोल जातो.

सर्पगंधेचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. १९७४ मध्ये रेझर्पिनमुळे स्त्रियांना स्तनांचा कर्करोग होतो असे सुचवणारे अहवाल आले. नंतरच्या पाहण्यांत ते टिकले नाहीत, पण तोवर नवी औषधे आली होती आणि जुन्या स्वस्त औषधाची बाजू घ्यायला कोणी उरले नव्हते. वकील त्याच वर्षी वारले. दवाखान्यांतून रेझर्पिन जवळजवळ गेले. जंगलातले झुडूप मात्र त्याआधीच्या मागणीत उपटले गेले होते. औषध मुळात, म्हणजे मूळ काढले की झाड संपले. आणि वाळलेल्या मुळात रेझर्पिन भरते वजनाच्या जेमतेम हजाराव्या हिश्श्याइतके. १९९० पासून या वनस्पतीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे. देशात चूर्ण आणि वटी अजून विकली जाते, आणि गोळ्यांना कंटाळलेली म्हातारी माणसे 'आपले झाडपाल्याचे' म्हणून ती डॉक्टरांना न सांगता चालू गोळ्यांच्या जोडीला घेतात. कुठल्या जागेतले, किती वर्षांचे, कुठल्या ऋतूत काढलेले मूळ आहे यावर त्यातले रेझर्पिन कमी-जास्त होते आणि चमचाभर चूर्ण पाहून ते ओळखता येत नाही. शेपमधल्या रुग्णांना मिलिग्रॅमचा विसावा भाग मोजून दिला जात होता.